टेसआधीच्या सीटीवरून उपचाराचा अंदाज बांधताना: माझा अनुभव

हा अनुभव एका मर्यादित कामाचा आहे. यकृताच्या कर्करोगावर टेस (गाठीच्या धमनीत औषध सोडून ती धमनी बुजवण्याचा उपचार) करण्याआधी काढलेला सीटी स्कॅन घ्यायचा आणि गाठ उपचाराला कितपत दाद देईल, याचा अंदाज संगणकाकडून काढायचा. कोड लिहायला फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो स्कॅन नेमका कोणत्या सेकंदाला काढलाय आणि पुढची तपासणी कितव्या आठवड्यात झालीय, हे तपासण्यात. सगळा मामला घड्याळाचा आहे, आणि हे मला उशिरा उमगलं.

टेसमध्ये मांडीतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून कॅथेटर थेट गाठीला रक्त पुरवणाऱ्या फांदीपर्यंत नेतात. तिथे डॉक्सोरुबिसिनसारखं औषध लिपिओडॉल या तेलकट द्रव्यात घोटून सोडतात आणि मग ती फांदी बुजवतात. निरोगी यकृताला सुमारे ७५ टक्के रक्त पोर्टल व्हेनमधून, म्हणजे आतड्यांकडून यकृताकडे येणाऱ्या शिरेतून, मिळतं आणि उरलेलं धमनीतून. हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमाची, म्हणजे यकृताच्या पेशींपासून होणाऱ्या कर्करोगाची, गाठ मात्र जवळजवळ पूर्ण धमनीवर पोसते. म्हणून धमनी बुजवली की गाठ उपाशी राहते आणि यकृत तगतं. सीटीवर गाठ दिसते तीही याच कारणाने: कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेलं, सीटीवर उजळणारं द्रव्य) धमन्यांत असतानाच्या आर्टेरियल फेजमध्ये ती आजूबाजूच्या यकृतापेक्षा उजळते आणि नंतरच्या फेजमध्ये फिकी पडते. उपचार आणि चित्र दोन्ही एकाच धमनीच्या भरवशावर असल्यामुळेच चित्रावरून उपचाराचा अंदाज बांधण्यात अर्थ आहे.

डेटासाठी द कॅन्सर इमेजिंग आर्काइव्हवरचा ‘एचसीसी-टेस-सेग’ हा खुला संच घेतला. अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन केंद्रातले १०५ रुग्ण, पहिल्या टेसच्या आधीचे सीटी, सोबत यकृत, गाठ, पोर्टल व्हेन आणि महाधमनी यांचे आखलेले मास्क (चित्रातला कोणता भाग काय आहे ते दाखवणारे नकाशे), आणि रोग पुन्हा वाढेपर्यंतच्या काळाची नोंद. सुरुवात करणाऱ्याने इथूनच करावी. स्वतःच्या रुग्णालयाचे स्कॅन वापरायचे तर आधी नैतिक समितीची परवानगी लागते, आणि डायकॉमच्या, म्हणजे स्कॅनच्या फाइलच्या, हेडरमधलं नाव काढलं तरी चित्रावरच छापलेलं नाव कधीकधी तसंच राहतं, तेही पुसावं लागतं.

पहिली पायरी म्हणजे फेज ओळखणं, म्हणजे कॉन्ट्रास्ट कुठवर पोचलेला असताना स्कॅन काढला ते. सिरीजच्या, म्हणजे एका फेजच्या चित्रसंचाच्या, नावावर विसंबू नका. ‘आर्टेरियल’ असं लिहिलेली सिरीज अर्ली आर्टेरियल असू शकते, आणि आपल्याला हवी ती लेट आर्टेरियल. खूण अशी: महाधमनी झळाळलेली, पोर्टल व्हेन किंचित उजळू लागलेली आणि हेपॅटिक व्हेन (यकृतातून रक्त बाहेर नेणारी शीर) अजून काळसर. पोर्टल व्हेन साध्या (कॉन्ट्रास्टविना) स्कॅनइतकीच, म्हणजे ४०-५० हाउन्सफील्डच्या (सीटीवरच्या उजळपणाचं एकक) आसपास राहिली असेल, तर स्कॅन घाईत काढलाय आणि गाठीत कॉन्ट्रास्ट पुरता पोचलेलाच नाही. उलट महाधमनी आणि पोर्टल व्हेन जवळपास सारख्या दिसल्या तर तो पोर्टल फेज, नाव काहीही असो.

या संचात महाधमनी आणि पोर्टल व्हेनचे मास्क आयते आहेत, म्हणून ही तपासणी यंत्राकडून करून घेता येते. दोन्ही मास्क कडेने एक-दोन व्हॉक्सेल (चित्राचे त्रिमितीय ठिपके) आत घ्या, नाहीतर काठावरची भेसळ सरासरी खाली ओढते. मग प्रत्येक सिरीजमध्ये दोन्हींचं सरासरी हाउन्सफील्ड मोजून गुणोत्तर काढा. लेट आर्टेरियलमध्ये महाधमनी २०० च्या बरीच वर असते आणि गुणोत्तर १ पेक्षा ठळकपणे मोठं येतं. पोर्टल फेजमध्ये ते १ च्या जवळ येतं. एक अडचण आहे. मास्क एका फेजवर आखलेला असतो, आणि दुसऱ्या फेजच्या वेळी रुग्णाने श्वास वेगळा धरला तर यकृत वर-खाली सरकतं. महाधमनी फारशी हलत नाही, पोर्टल व्हेन हलते. म्हणून गुणोत्तर विचित्र आलं की आकड्याशी वाद न घालता चित्र उघडून बघावं.

हीच चूक नवे स्कॅन काढतानाही टाळता येते. इंजेक्शन दिल्यापासून ३५ सेकंद मोजून आर्टेरियल फेज काढण्याची पद्धत हृदय मंद चालणाऱ्या रुग्णात फसते. बोलस ट्रॅकिंग (कॉन्ट्रास्ट पोचतोय का ते सतत बघणं) लावून महाधमनी १०० ते १५० हाउन्सफील्डला पोचली की तिथून १५ ते २० सेकंद थांबून स्कॅन घेतलेला बरा. पोर्टल फेज सुमारे ७० सेकंदांना, डिलेड ३ ते ५ मिनिटांनी. कॅन्युला १८ किंवा २० गेजची, वेग सेकंदाला ४ मिलिलिटरच्या आसपास. हाताच्या पाठीवर २२ गेजची बारीक कॅन्युला लावून सावकाश कॉन्ट्रास्ट सोडला तर गाठ मुळात उजळतच नाही, आणि मॉडेल तिला ‘रक्तपुरवठा कमी असलेली गाठ’ समजून बसतं.

पुढची ठेच मास्कच्या आकड्यांची. चित्रातल्या भागाचे आकार-पोताचे आकडे, म्हणजे गुणधर्म, काढणारं पायरेडिओमिक्स हे सॉफ्टवेअर वेगळं काही सांगितलं नाही तर १ क्रमांकाचा भाग मोजतं. मास्कच्या फाइलमध्ये चार अवयव असतील तर १ म्हणजे गाठच असेल असं नाही. फाइलमधलं सेगमेंटचं वर्णन वाचून क्रमांक स्वतः लिहून द्यावा. चुकून अख्ख्या यकृताचे गुणधर्म काढले तरी प्रोग्राम तक्रार करत नाही, आकडे व्यवस्थित येतात आणि मॉडेलही चालतं. पकडायचं कसं? आकारमान बघायचं. सगळ्या ‘गाठी’ लिटर-दीड लिटरच्या निघाल्या तर त्या गाठी नव्हेत. चित्र आणि मास्क यांची भूमिती जुळत नसेल तेव्हा मात्र पायरेडिओमिक्स थांबतं आणि चूक दाखवतं. त्यावर सहनशीलतेची मर्यादा वाढवून पुढे जाण्याचा मोह होतो. तसं करू नये. मास्क चित्राच्या ग्रिडवर नीट बसवून घ्यावा, आणि तोही निअरेस्ट नेबर (सर्वांत जवळच्या ठिपक्याचा आकडा घेण्याच्या) पद्धतीने. चित्रासाठी मधले आकडे काढणारा बी-स्प्लाइन ठीक, पण मास्कवर तो लावला तर १ आणि २ च्या मधले निरर्थक आकडे तयार होतात.

रिसॅम्पलिंग, म्हणजे चित्र एकसारख्या ठिपक्यांत बसवणं, १ × १ × १ मिलिमीटरवर केलं आणि बिनची (उजळपणाच्या एका टप्प्याची) रुंदी २५ हाउन्सफील्ड ठेवली. मूळ स्लाइस ५ मिलिमीटरची असेल तर १ मिलिमीटर करून नवी माहिती मिळत नाही. मधल्या चार स्लाइस संगणकाच्या कल्पनेतल्या असतात. अशा रुग्णांचे पोताचे गुणधर्म गुळगुळीत येतात, म्हणून स्लाइसची जाडी हा स्तंभ शेवटपर्यंत तक्त्यात ठेवा आणि अधूनमधून बघा, मॉडेल गाठ ओळखतंय की मशीन.

गाठ स्वतः आखायची वेळ आली तर थ्रीडी स्लायसर हे सॉफ्टवेअर पुरतं. मृत झालेला मधला भाग आत धरायचा की नाही, अनेक गाठी असतील तर सगळ्या की सर्वांत मोठी, हे आखणी सुरू करण्याआधी कागदावर लिहून ठेवा. निदान ३० रुग्ण दोन जणांनी एकमेकांचं न बघता आखावेत आणि ज्या गुणधर्मांचा आयसीसी (दोघांच्या आखणीतून येणारे आकडे किती जुळतात त्याचं माप) ०.७५ च्या खाली येईल ते सरळ टाकून द्यावेत. यकृतात पसरत गेलेल्या, कड नसलेल्या गाठींवर दोघांचं जमत नाही, त्याला इलाज नाही. गाठीभोवतीचं १ सेंटिमीटरचं कडंही काढा. गाठीचा मास्क फुगवा, मूळ गाठ वजा करा, यकृताबाहेर गेलेला भाग कापा, मोठ्या रक्तवाहिन्या वगळा. सूक्ष्म रक्तवाहिन्यांत शिरलेल्या रोगाची चिन्हं, म्हणजे गाठीभोवतीची आर्टेरियल झळाळी किंवा खडबडीत काठ, इथेच असतात. निव्वळ गाठीच्या आतलं पोत मोजणारे हा भाग उगाच सोडतात.

आता उत्तराचा स्तंभ, म्हणजे ‘दाद दिली की नाही’. अर्धी प्रकरणं इथे बिघडतात. एम-रेसिस्ट या २०१० च्या निकषात गाठीची एकूण लांबी मोजत नाहीत, आर्टेरियल फेजमध्ये उजळणारा जिवंत भाग मोजतात. तो पूर्ण गेला तर संपूर्ण प्रतिसाद, ३० टक्के किंवा जास्त घटला तर अंशतः, २० टक्के किंवा जास्त वाढला तर रोगवाढ. वाचायला सोपं आहे. पण टेसनंतर गाठीत लिपिओडॉल बसलेलं असतं आणि ते सीटीवर पांढरंशुभ्र दिसतं. उजळलेला भाग कॉन्ट्रास्टमुळे उजळला की तेलामुळे, हे साध्या फेजशी ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही. साधा फेज काढलेलाच नसेल तर त्या स्कॅनवरून प्रतिसाद ठरवू नये. शक्य असेल तिथे एमआरआयचा सब्ट्रॅक्शन (कॉन्ट्रास्टनंतरच्या चित्रातून आधीचं वजा करून) घ्यावा, त्यात लिपिओडॉलचा एवढा त्रास होत नाही. तपासणी साधारण ४ ते ६ आठवड्यांनी. गाठीशेजारी पाचरीच्या आकाराची झळाळी दिसली तर ती बहुधा धमनी आणि पोर्टल व्हेनमधला शंट (दोघींना थेट जोडणारी वाट) असतो. त्याला रोग म्हणून मोजलं की चांगला रुग्ण वाईट रकान्यात जातो.

रोग वाढेपर्यंतचा काळ हा दुसरा पर्याय, आणि इथेही घड्याळ फसवतं. रोग १० व्या आठवड्यात वाढला आणि स्कॅन १६ व्या आठवड्यात झाला तर नोंद १६ ची होते. एमडी अँडरसन केंद्रातल्याच १०५ रुग्णांवरच्या २०१९ च्या अभ्यासात १४ आठवड्यांची रेषा आखली होती. अशी रेषा ओढली की हा रुग्ण चुकीच्या बाजूला पडतो. म्हणून दोन गट करण्यापेक्षा काळ तसाच ठेवून कॉक्स मॉडेल (घटनेपर्यंतच्या काळावर चालणारं) वापरणं मला जास्त पटतं. मधेच यकृत प्रत्यारोपण झालेले किंवा रोग न वाढता दगावलेले रुग्ण कसे धरायचे, तेही आधीच ठरवावं. टेसच्या किती दिवस आधी सीटी झाला, तो आकडाही तपासा. १२ आठवडे जुन्या सीटीतली गाठ टेसच्या दिवशी तेवढीच असेल याची खात्री नसते. साध्या फेजमध्ये गाठीत २०० हाउन्सफील्डच्या वरचे ठिपके दिसले तर आधी कुठेतरी एक टेस झालेली असण्याची शंका घ्या. तो ‘उपचाराआधीचा’ स्कॅन उरत नाही.

गुणधर्म काढायला बसलं की हात आखडत नाही. पायरेडिओमिक्स मूळ चित्रातून १०७ देतं, वेव्हलेट फिल्टर लावले की ८५१. रुग्ण १०५. म्हणजे निव्वळ योगायोगानेही काहीतरी जुळणारच. निवड, स्केलिंग, गटांचा तोल साधणं, सगळं क्रॉस-व्हॅलिडेशनच्या (रुग्णांचे गट पाडून आळीपाळीने एक गट परीक्षेला ठेवण्याच्या) प्रत्येक घडीच्या आत, फक्त प्रशिक्षणाच्या रुग्णांवर करायचं. एकाच रुग्णाच्या दोन गाठी असतील तर दोन्ही एकाच बाजूला. गळती आहे का ते तपासायची स्वस्त युक्ती: उत्तरांचा स्तंभ विस्कटून टाका आणि सगळा प्रोग्राम पुन्हा चालवा, असं बऱ्याच वेळा. एयूसीची (१ म्हणजे अचूक, ०.५ म्हणजे नाणेफेक) सरासरी ०.५ च्या आसपासच यायला हवी. ती ०.७ आली तर मॉडेल काही शिकलेलं नाही, तुम्ही उत्तरपत्रिका फोडली आहे.

मग तुलना. गाठीचं आकारमान, एएफपी (रक्तातली कर्करोगाची खूण) आणि चाइल्ड-प्यू (यकृताच्या कामाचा गुणांक) एवढ्यावर एक साधं मॉडेल आधी बांधा. ‘सिक्स अँड ट्वेल्व्ह’ हा गुणांक तर आणखी सोपा: सर्वांत मोठ्या गाठीचा सेंटिमीटरमधला व्यास अधिक गाठींची संख्या. बेरीज ६ पर्यंत, ६ ते १२, आणि १२ च्या वर असे तीन गट, पट्टी घेऊनही काढता येतात. पोताचे बरेच गुणधर्म आकारमानाचीच वेगळी नावं असतात, त्यामुळे या साध्या बेरजेपुढे रेडिओमिक्स (चित्रातून असे गुणधर्म काढणं) किती भर घालतं तेच विचारायचं. वर सांगितलेल्या २०१९ च्या अभ्यासात बीसीएलसी या कर्करोगाच्या टप्प्यांच्या वर्गीकरणावरून अचूकता ६२.९ टक्के होती, चित्राचे गुणधर्म जोडल्यावर ७४.२. भर खरी आहे, पण त्यावर एखाद्याची टेस रद्द करावी इतकी नाही.

चित्रावरून अंदाज बांधण्याचं याहून भक्कम उदाहरण इट्रियम-९० च्या (गाठीच्या धमनीत किरणोत्सर्गी कण सोडण्याच्या) उपचारात आहे. तिथे आधी टेक्नेशियम लावलेले एमएए (प्रथिनाचे) कण सोडून ते कुठे गेले हे दाखवणारा स्पेक्ट-सीटी काढतात आणि गाठीला किती किरणोत्सर्ग पोचेल ते मोजतात. फ्रान्समधल्या डोसिस्फिअर-०१ चाचणीत गाठीला निदान २०५ ग्रे (किरणोत्सर्गाच्या डोसाचं एकक) मिळेल असा डोस ठरवलेल्या गटात ७१ टक्के रुग्णांनी दाद दिली, नेहमीच्या पद्धतीत ३६ टक्के. इथे ८५१ गुणधर्म नव्हते, एक आकडा होता आणि त्यामागे कार्यकारण होतं.

दुसऱ्या रुग्णालयाच्या स्कॅनवर मॉडेल चालवताना कॉम्बॅट या संख्याशास्त्रीय पद्धतीने मशीनमधला फरक काढतात. पण एखाद्या मशीनचे पाच-सहाच रुग्ण असतील, किंवा गंभीर रुग्ण सगळे एकाच मशीनवर गेले असतील, तर फरकाबरोबर रोगही पुसला जातो. आपल्याकडे रुग्ण सीडी घेऊन येतो तेव्हा तिच्यात कधी फक्त पोर्टल फेज असतो, कधी ५ मिलिमीटरच्याच स्लाइस. म्हणून शेवटी मॉडेलच्या उत्तराला तिसरा रकाना जोडला. ‘दाद देईल’ आणि ‘देणार नाही’ यांच्या शेजारी ‘या स्कॅनवरून सांगता येत नाही’. महाधमनी आणि पोर्टल व्हेनचं गुणोत्तर ठरलेल्या मर्यादेत नसेल, साधा फेज नसेल किंवा स्लाइस जाड असेल, तर गुणधर्म काढण्याआधीच स्कॅन तिथे जातो, आणि अहवालात नेमका कोणता फेज पुन्हा काढायचा ते लिहिलेलं असतं.