तुम्ही विचारलंत म्हणून: आमचा पर्शियन बोका क्रॉसिंगला का देत नाही

"आमची मांजर माजावर आलीय हो, रात्रभर ओरडते, शेजारी भांडायला आलेत. तुमचा बोका एकदा द्या ना. हवे तर पैसे घ्या, नाहीतर एक पिल्लू घ्या." असे फोन येतात, मी नाही म्हणते. मग पुढचं वाक्य ठरलेलं: "मांजर आहे हो ती, लग्न थोडंच जमवायचंय?" एकाने तर विचारलं, पत्रिका बघता का.

बघते. दोन्हीकडची.

पहिलं घर पीकेडीचं, म्हणजे पॉलिसिस्टिक किडनी डिसीज या आनुवंशिक रोगाचं. पर्शियन म्हटलं की हे आलंच. मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होतात, त्या वर्षानुवर्षं सावकाश वाढतात. सदोष जीनची एक प्रत आली तरी रोग येतो. दोन आल्या तर गर्भ आतच जातो. म्हणून रोगी मांजराकडे नेहमी एकच प्रत असते आणि त्याच्या पिल्लांपैकी सरासरी निम्म्यांना ती मिळते. तो जीन २००४ मध्ये ओळखला गेला. त्या सुमाराच्या पाहण्यांत जगभरातल्या पर्शियनांपैकी साधारण ३८ टक्के मांजरांना हा रोग होता. त्रास दिसायला लागतो सरासरी सातव्या वर्षी. तोवर मांजर चार वेतं काढून मोकळी झालेली असते. त्यामुळे "आमची एकदम हेल्दी आहे, डॉक्टरांना दाखवलीय" हे दोन वर्षांच्या मांजरीबद्दल ऐकलं की मी गप्प बसते. दोन वर्षांची हेल्दीच दिसणार. सोनोग्राफी करायची तर दहा महिन्यांनंतर, त्याआधीचा स्वच्छ रिपोर्ट धरू नये. त्यापेक्षा गालाच्या आतून स्वॅब घेऊन डीएनए चाचणी करावी. फक्त दूध पिऊन उठलेल्या पिल्लाचा स्वॅब लगेच घेऊ नका, त्यात आईच्या पेशी येतात.

दुसरं घर नात्याचं. सख्ख्या भावंडांना लावलं तर पिल्लाचा इनब्रीडिंगचा आकडा २५ टक्के. बाप-लेकीचाही २५. सावत्र भावंडांचा १२.५, मामे-आते भावंडांचा ६.२५. म्हणजे कुठल्याही एका जागी दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता तेवढी. पाच पिढ्यांच्या वंशावळीच्या पेपरवर ६२ नावं असतात. दोन्ही बाजूंना तेच नाव दिसलं की थांबायचं आणि हिशोब करायचा. पेपरच नसला की आकडा शून्य येतो, आणि "बघा, शून्य!" म्हणून लोक खूश होतात. त्या शून्याचा अर्थ एवढाच, की तुम्हाला नातं माहीत नाही. पेपर असला तरी सहाव्या पिढीमागे काय घडलं ते त्यात नसतं. अमेरिकेतल्या बर्मीज मांजरांचं मूळ १९३० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला आलेल्या वाँग माऊ नावाच्या एका मांजरीपर्यंत जातं. पुढे त्यांच्यात आखूड तोंडाची ठेवण आली, लोकांना आवडली आणि जपली गेली. ते आखूड तोंड देणाऱ्या जीनच्या दोन प्रती आल्या की पिल्लू डोकं अर्धवट तयार झालेलं जन्मतं आणि जगत नाही. जे निवडून आणलं, तेच मारतं. पंच फेस, म्हणजे चपट्या तोंडाचं पिल्लू मागणाऱ्यांना मी हे नेहमी सांगते.

आता आमच्या बोक्याचं ते एक वेत. सांगायला आवडत नाही, पण माझं 'नाही' तिथून सुरू होतं.

बोका आणि मांजर, दोघांचा पीकेडी निगेटिव्ह. पाच पिढ्यांत एकही समान नाव नाही. ल्युकेमिया आणि एफआयव्ही या मांजरांच्या विषाणूंच्या दोन्ही चाचण्या स्वच्छ. मांजर चौसष्टाव्या दिवशी व्याली. चार पिल्लं, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ९६, १०२, ८८ आणि १०४ ग्रॅम. तासाभरात चारही आचळांना लागली. चीक पोटात गेला, आता काळजी नाही, असं वाटलं. खरवसावर वाढलेल्या माणसाला चिकाबद्दल शंका येईलच कशी? दुसऱ्या दिवशी सकाळी १०४ चं, चौघांतलं सगळ्यांत जोमदार, पिणं सोडून बाजूला पडलं होतं. ओल्या कापसाने शू करवली तर कापूस कोऱ्या चहाच्या रंगाचा झाला. दुपारी ते गेलं, रात्री ९६ चं. १०२ चं पिवळं पडलं, मलूल झालं, पण टिकलं. पुढे त्याच्या शेपटीचं टोक काळं पडून सुकलं आणि गळालं. ८८ च्या बारकुल्याला काहीच झालं नाही. ते रोज १० ते १५ ग्रॅम वाढत राहिलं.

वहीत मी कारण लिहिलं: "थंडी. पहिलटकरीण." बॉक्समध्ये गरम पाण्याची पिशवी होती, आई जागची हलली नव्हती, तरी लिहिलं. काहीतरी लिहायला हवं होतं.

कारण होतं रक्तगट. मांजरांत ए, बी आणि क्वचित एबी असे गट असतात. बी गटाच्या मांजरीच्या रक्तात ए गटाविरुद्ध जहाल अँटिबॉडी आपोआप तयार होतात, त्यासाठी रक्त चढवावं लागत नाही. या अँटिबॉडी चिकात उतरतात. पिल्लाचं आतडं पहिले १६ ते २४ तास त्या जशाच्या तशा आत घेतं आणि ए गटाच्या पिल्लाच्या तांबड्या पेशी फुटायला लागतात. लघवीचा रंग त्याचाच. जे भरपूर प्यायलं, ते आधी गेलं. तीन महिन्यांनी तपासणी केली तेव्हा आई बी, शेपटीचं टोक गळालेलं ए आणि तो बारकुला बी निघाला. बापाचं बिंगही त्यानेच फोडलं. बी व्हायला दोन्हीकडून बी लागतो, म्हणजे आमचा ए गटाचा बोका बी लपवून बसला होता. वहीतलं "थंडी" मी खोडलेलं नाही. बाजूला दुसऱ्या शाईने "बी" लिहिलंय.

हे टाळता येतं, हेच जास्त टोचतं. मादी बी आणि नर ए असेल तर पिल्लांना पहिले २४ तास आचळाला लावायचं नाही. जुन्या बनियनचा पट्टा आईच्या पोटावर बांधायचा, म्हणजे ती चाटू शकते, त्यांना पाजू शकत नाही. दर दोन तासांनी पिल्लांसाठीचं पावडरचं दूध द्यायचं, एका वेळी दोन-तीन मिली, पिल्लू पोटावर ठेवून. उताणं करून पाजलं तर दूध फुफ्फुसात जातं. गाईचं दूध नको. चोवीस तासांनी पट्टा सोडायचा. त्याहून सोपं म्हणजे बी मादीला बी नरच बघायचा. पण मग निवड आणखी आकसते, आणि नात्याचं घर पुन्हा उघडतं.

इथे माझंच माझ्याशी पटत नाही. पूर्वी पीकेडी पॉझिटिव्ह निघालं की मी डोळे मिटून नसबंदी करायची. बरोबरच होतं, असं अजूनही म्हणते. पण आधीच थोड्या असलेल्या मांजरांतून एकदम इतकी बाजूला काढली, तर उरलेली सगळी एकमेकांची भावंडं होतील. काही जण अशा मादीचं एकच वेत घेतात, निगेटिव्ह पिल्लू ठेवतात आणि मग तिची नसबंदी करतात. वंश टिकतो. पण त्या वेतातल्या पॉझिटिव्ह पिल्लांचं काय? ती कुणाच्या तरी सोफ्यावर सातव्या वर्षी वाळत जाणार. मला अजून ते जमलेलं नाही.

बोका सगळ्यांना दिला तरी तेच. त्याचं नाव दहा घरांत गेलं की दोन पिढ्यांनी नातवंडांना जोडीदार कुठून आणायचा? म्हणून त्याची तीन वेतं झाली की बस. आणि मी नाही म्हटलं की तुम्ही घरातल्याच भावाशी लावता, हेही मला ठाऊक आहे. तेव्हा माझ्या नकाराने त्या पिल्लांचं काय भलं झालं, हे विचारू नका.

तरी यायचंच असेल तर मांजर वर्षाची पूर्ण असू दे. तिचा रक्तगट, पीकेडी, ल्युकेमिया-एफआयव्ही आणि असेल तो पेपर घेऊन या. फक्त ती ओरडत असताना फोन करू नका. डीएनएचा रिपोर्ट येईपर्यंत ती गप्प झालेली असते. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा ओरडेल, तेव्हा बोलू.