फ्राईज पार्सल करू नये

रविवार, रात्र

भाचा फिलाडेल्फियाहून आलाय, आणि आल्यापासून जो तो त्याला भरीतच खाऊ घालतोय. बरोबरच ए, जळगावात थंडी म्हणजे भरिताचा सीझन, त्यात बामणोदची वांगी. पण आज संध्याकाळी हळूच म्हणतो कसा, मामा आज काहीतरी ब्रेडमधलं खाऊ ना. मग काढली गाडी.

काव्यरत्नावली चौकाच्या पुढे एक नवीन टेकअवे झालंय, बसायला जागा नाही, नुसती खिडकी. बोर्डावर चिकन स्टेक सँडविच विथ फ्राईज. भाचा हसला, तिकडे स्टेक म्हटलं की बीफ. म्हटलं बाबा इथे 2015 पासून गोवंश हत्याबंदी ए आणि तसंही आपल्या घरात ते कोण खातं, चिकन तर चिकन. तो म्हणे फिलाडेल्फियात पण चिकनचं मिळतं. मग त्याने तिथल्या चीजस्टेक सँडविचची गोष्टच लावली, 1930 साली तिथे पॅट ऑलिव्हिएरी नावाचा हॉट डॉगवाला होता, एक दिवस त्याने स्वतःसाठी ग्रिलवर खाटकाकडचं बीफ कांदा घालून परतलं, एका टॅक्सीवाल्याला वास आला, तो म्हणे मलापण तेच दे. चीज नंतर आलं म्हणे. आणि तिथे खिडकीशी गेलं की चीज कोणतं, कांदा पाहिजे की नको, एका दमात सांगायचं, रेंगाळलात तर मागची लाईन ओरडते. इथला पोरगा उलटा, भाऊ तिखट करू का, मेयो जास्त टाकू का, कांदा चालतो ना, पाच मिनिटं नुसती चौकशी.

सँडविच ठीकच. पाव बटरमध्ये मस्त शेकलेला, पण चिकनचा तुकडा जाड, एक घास तोडला की आख्खा तुकडाच ओढून बाहेर. भाचा म्हणे मांस अर्धवट गोठलेलं असताना पातळ कापायचं, मग तव्यावर पटकन शिजतं आणि सुकत नाही. पटलं.

फ्राईज मात्र एक नंबर. फ्रोझन पाकिटातल्याच, पण त्या कारखान्यात एकदा तळून आलेल्या असतात आणि इथे दुसऱ्यांदा तळतात म्हणून कुरकुरीत. घरी बायको करते त्या आधीच लालभडक होतात आणि ती तेलाला शिव्या घालते, खरं तर कोल्ड स्टोरेजच्या बटाट्यात स्टार्चची साखर झालेली असते, तेल बिचारं काय करणार. (हे तिला अजून सांगितलेलं नाही.)

आम्ही गाडीच्या सीटवर डबा ठेवून उभ्यानेच खाल्लं. आई आणि बायकोसाठी पार्सल घेतलं, आणि व्हायचं तेच झालं, बंद डब्यात वाफ धरली, घरी येईपर्यंत फ्राईज लोळागोळा. आई डब्यात डोकावून म्हणे, काय खाई राह्यनात रे? बायकोने काही न बोलता लोखंडी तवा तापवला, तेल न घालता मोकळ्या पसरून परतल्या, चांगल्या कडक झाल्या परत. आईने ठेच्याचा खलबत्ताच पुढे ओढला. भाच्याने फ्राय ठेच्यात बुडवून खाल्ली, डोळ्यात पाणी, तरी दुसरी उचलली. मी हात धुवून येईस्तोवर तवा रिकामा.