नववीला कुठं घालायचं?

मी पेठेतल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलच्या कचेरीत नोकरी केली. कनिष्ठ लिपिक म्हणून लागले, वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाले. राहायला शहराच्या कडेच्या नऱ्ह्यात. त्यामुळे पुण्यातल्या शाळांचा प्रश्न मी दोन्ही बाजूंनी पाहिला आहे. पेठेत वर्ग आहेत, बाकं आहेत, प्रयोगशाळा आहे, पण मुलं नाहीत. इकडे मुलं आहेत आणि दहावीपर्यंत नेणारी, साध्या माणसाला परवडणारी शाळा जवळपास मिळत नाही. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सध्या ‘आपल्या भागात नवी शाळा हवी’ अशी मागणी जोरात आहे. मागणी शंभर टक्के बरोबर आहे. पण शाळा कितवीपर्यंतची, कुठल्या जागेवर आणि कुठल्या मुलांसाठी, हे आधी ठरवायला हवं. त्यासाठी शाळेच्या कचेरीत जे दिसतं ते सांगते.

प्रत्येक शाळेत एक जनरल रजिस्टर असतं. जाड पुठ्ठ्याची बांधणी, आडवी पानं, आणि शाळा कितीही जुनी असली तरी ते कधी रद्दीत जात नाही. मुलाचा नोंदणी क्रमांक, नाव, जन्मस्थळ, अक्षरी जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, आणि उजव्या टोकाला शाळा सोडल्याची तारीख व सोडण्याचं कारण. मी लागले तेव्हा त्या कारणाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘दहावी उत्तीर्ण’ असायचं. मग ‘पालकांचे स्थलांतर’ वाढत गेलं. दाखला मागायला आलेले पालक खिडकीशी उभे राहून सांगायचे, वडगावला फ्लॅट घेतला, धायरीला घेतला, कोंढव्याला घेतला. प्रवेश अर्जावरचे पत्तेही बदलले. शनिवार, नारायण, सदाशिव, दत्तवाडी, पर्वती पायथा असे पत्ते कमी होत गेले आणि आंबेगाव, धायरी फाटा असे येऊ लागले. ही मुलं व्हॅननं किंवा पीएमटीनं यायची. धाकट्या भावंडाच्या वेळी मात्र आईवडील म्हणायचे, एवढ्या लांब नको, घराजवळ इंग्रजी माध्यमाची शाळा निघाली आहे. म्हणजे पट घटला त्याला इंग्रजीची ओढ कारण आहेच, पण त्याच्या आधी घर लांब गेलं, हे मला रजिस्टरवरून स्पष्ट दिसतं.

पुण्यात हे पहिल्यांदा घडलेलं नाही. न्यू इंग्लिश स्कूल १८८० साली निघालं, नूतन मराठी विद्यालय १८८३ साली, हुजूरपागा १८८४ साली. तेव्हा शहर म्हणजे पेठा, आणि मुलं चालत शाळेत यायची. १९६१ मध्ये पानशेतचं धरण फुटल्यावर पूरग्रस्तांना गोखलेनगर, सहकारनगर, लोकमान्यनगर अशा ठिकाणी घरं मिळाली आणि वस्ती नदीकाठापासून सरकली. पुढे कोथरूड भरलं. त्या काळात जुन्या शिक्षणसंस्थांना सरकारी अनुदानाचा आधार होता, म्हणून वस्ती जिकडे गेली तिकडे त्यांनी शाखा काढल्या. आता तसं होत नाही. २०१२ च्या कायद्यानंतर नव्या शाळा निघतात त्या स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे सगळा खर्च फीमधून. अशी शाळा तिथंच निघते जिथं फी भरू शकणारे पालक आहेत. त्यात संस्थाचालकांचा दोष काढण्यासारखं काही नाही, त्यांचा हिशेबच तसा आहे. पण मग ज्यांना फी झेपत नाही त्यांच्यासाठी शाळा काढायचं काम महापालिकेशिवाय कोण करणार?

आमच्या इमारतीत तीन-चार घरी काम करणाऱ्या एका बाईंची मुलगी गेल्या वर्षी आठवी झाली. महापालिकेच्या शाळेत होती, घरापासून चालत दहा मिनिटांवर. मे महिन्यात बाई माझ्याकडे आल्या. “ताई, नववीला कुठं घालू? आत्तापर्यंत जवळ होती, काळजी नव्हती.” मला वाटलं, आयुष्यभर प्रवेशच केले, हे तर माझं रोजचं काम. जवळच्या दोन खासगी शाळांत गेलो. फीचा आकडा ऐकूनच बाई उठल्या. मग तिसऱ्या ठिकाणी विचारलं, तिथं जागा नव्हती. शेवटी मुलीला पेठेतल्या शाळेत प्रवेश मिळाला, तोही लगेच, कारण तिथं वर्ग रिकामेच होते. आता ती सकाळी साडेदहाला निघते. सिंहगड रस्त्याला गाड्या तुंबल्या की घरी यायला साडेसात वाजतात. आईचं कामावरून येणं आणि मुलीचं शाळेतून येणं एकाच वेळी. पावसाळ्यात दोनदा बस मिळाली नाही तेव्हा बाईंचा जीव टांगणीला लागला होता, आणि “दहावीचं पुढच्या वर्षी बघू, नाहीतर राहू दे” असं त्या बोलून गेल्या. हुशार मुलगी आहे. गणितात चांगली आहे. तिची शाळा केवळ अंतरापायी सुटू शकते, या विचारानं मला झोप लागत नाही.

नववीलाच असं का होतं? शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत, हे त्याच्या नियमांत आहे. नववी-दहावी त्यात येत नाही. आपल्याकडे हायस्कूल म्हणजे मुळात पाचवी ते दहावी, आणि महापालिका-जिल्हा परिषदेच्या शाळा बहुतेक चौथी, सातवी, फार तर आठवीपर्यंत. माध्यमिकचं काम खासगी अनुदानित संस्थांनी केलं आणि त्या पेठांत, कॅम्पात, कोथरूडात राहिल्या. २०१७ मध्ये धायरी, आंबेगाव, लोहगाव, उंड्री अशी अकरा गावं महापालिकेत आली. ३० जून २०२१ ला नऱ्हे, नांदेड, खडकवासला, वाघोली, मांजरी बुद्रुक, सूस, म्हाळुंगे वगैरे तेवीस आली. गावांबरोबर जिल्हा परिषदेच्या शाळाही आल्या, पण गाव शहरात आल्यानं शाळेला नववी जोडली जात नाही.

आता मोजणी. किती मुलांसाठी बांधायचं हे विचारलं की सगळे जनगणनेकडे बोट दाखवतात. शेवटची जनगणना २०११ ची. तेव्हा पुणे शहर ३१ लाखांच्या थोडं वर होतं आणि नऱ्हे शहरात नव्हतंच. त्या आकड्यावर आज वर्गखोल्या ठरवणं चुकीचं आहे. आम्ही कचेरीत पुढच्या वर्षीच्या तुकड्यांचा अंदाज काढायचो तो साध्या पद्धतीनं. गेल्या वर्षी सातवीत शंभर होते आणि यंदा आठवीत नव्वद, तर दर शंभरातले नव्वद टिकले. असं प्रत्येक इयत्तेचं काढायचं, तीन-चार वर्षांची सरासरी घ्यायची आणि आजच्या पहिलीच्या पटाला लावत न्यायची. आठ वर्षांनी नववीत किती मुलं असतील ते कळतं. पेठेत हा आकडा शंभराच्या खाली जात राहतो. नऱ्हे, आंबेगावसारख्या भागात तो शंभराच्या वर जाईल, कारण मधल्या इयत्तांत नवी बिऱ्हाडं येत राहतात. हे काढायला यंत्रणा लागत नाही, यूडायसवर, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, प्रत्येक शाळेचा इयत्तावार पट भरलेला असतो. अजून शाळेच्या वयात न आलेल्या मुलांची मोजणीही होते. पल्स पोलिओच्या वेळी घरोघर जाऊन पाच वर्षांखालची मुलं पाहिली जातात. बांधकाम विभागाकडे कुठल्या इमारतीला भोगवटा पत्र, म्हणजे राहायला जाण्याची परवानगी, दिलं याची नोंद आहे. हे तिन्ही कागद एका टेबलावर आणले तर २०३५ मध्ये कुठल्या भागात किती मुलं नववीत असतील याचा बराच जवळचा अंदाज येतो. पण पट शिक्षण विभागाकडे, पोलिओ आरोग्याकडे, भोगवटा बांधकामाकडे, आणि शाळेची जागा ठरवतो नगररचना विभाग.

यात एक सावधगिरी हवी. राज्याचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, २०१९-२१ च्या पाहणीतच १.७ वर आला होता, म्हणजे पहिलीत येणारी मुलं एकूणात कमीच होत जाणार. पेठांत झालं ते नऱ्ह्यातही वीस-पंचवीस वर्षांनी होईल. म्हणून माझं मत असं, की नव्या ठिकाणी पुन्हा पहिली ते चौथीची इमारत बांधू नये. चालू प्राथमिक शाळेला वर मजला चढत असेल तर आधी तिथं नववी-दहावी जोडावी, आणि जिथं नवी जागा घ्यायचीच आहे तिथं पाचवी ते बारावी अशी शाळा काढावी. अकरावीच्या जागा शहरात दर वर्षी रिकाम्या राहतात हे मला माहीत आहे, पण त्या गावात, म्हणजे जुन्या पेठांकडे, रिकाम्या राहतात. शिक्षकही आहेत. पेठेतल्या शाळांत ३० सप्टेंबरचा पट धरून संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते ठरतं; पट घसरला की शिक्षक अतिरिक्त ठरतात आणि समायोजनासाठी, म्हणजे दुसऱ्या शाळेत नेमणुकीसाठी, ताटकळतात. मे महिन्यात वस्त्यांमधून मुलं शोधत फिरणारे, मुलांच्या रिक्षाचे पैसे स्वतःच्या खिशातून भरणारे शिक्षक मी पाहिले आहेत. चांगली माणसं आहेत ती. त्यांना मुलं आहेत तिथं न्यावं.

राहिली जागा, आणि खरी अडचण तीच आहे. तेवीस गावांसह आपल्या सगळ्या क्षेत्रासाठी पीएमआरडीएनं (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानं) २०२१ मध्ये प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला. हजारो लोकांनी हरकती-सूचना दिल्या, सुनावण्या झाल्या, आणि २०२५ मध्ये तो आराखडाच रद्द झाला. आराखडा नाही म्हणजे शाळेचं आरक्षण, शाळेसाठी राखून ठेवलेली जागा, नाही. इमारती मात्र थांबलेल्या नाहीत. मोठ्या गृहप्रकल्पातून महापालिकेला सार्वजनिक सोयींसाठी जागा, म्हणजे अ‍ॅमेनिटी स्पेस मिळते म्हणावं, तर डिसेंबर २०२० च्या नव्या नियमावलीत ती फक्त वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडाला ठेवली होती, आणि तीही पाच टक्के. वीस हजार म्हणजे जवळजवळ पाच एकर. आमच्याकडे बांधकामं बहुतांश त्याहून लहान तुकड्यांवर झाली. मिळालेल्या जागाही दीर्घ मुदतीनं भाड्यानं द्यायचा प्रस्ताव २०२१ मध्ये आला होता. मैदानासह हायस्कूल बसेल अशी जागा एकदा गेली की पुन्हा मिळत नाही.

जुन्या हद्दीत आरक्षणं आहेत, पण तिथं दुसरी भीती आहे. त्या हद्दीचा आराखडा जानेवारी २०१७ मध्ये मंजूर झाला. एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक ‘जागा विकत घ्या’ अशी खरेदी नोटीस देऊ शकतो, आणि पुढच्या दोन वर्षांत महापालिकेनं संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. म्हणजे २०२७ च्या सुरुवातीपासून शाळांच्या आरक्षित जागांसाठी अशा नोटिसा येऊ शकतात.

म्हणून मी माहिती अधिकारात अर्ज केला आहे. शाळेसाठी आरक्षित प्रत्येक जागेचा सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, ताबा आहे की नाही, नसल्यास मोबदल्याचा प्रस्ताव कुठवर आला, आणि नऱ्हे, धायरी, आंबेगाव भागात महापालिकेच्या कुठल्या शाळेत कितवीपर्यंत वर्ग आहेत, एवढंच मागितलं आहे. उत्तर आलं की इथं जसंच्या तसं टाकेन. वाघोली, मांजरी, उंड्री भागातल्या कुणाला आपापल्या भागासाठी असाच अर्ज करायचा असेल तर मसुदा तयार आहे, कमेंटमध्ये लिहा, मी पाठवते. गाव आणि सर्व्हे नंबर तेवढे आपले घालायचे.