उल्मच्या वाटेवरचा घाट

शनिवार, मे महिना. रात्री उशिरा.

सकाळी श्टुटगार्ट स्टेशनवरच्या बोर्डावर आमच्या उल्मच्या गाडीपुढे 'रद्द' लिहिलं होतं आणि खाली कारणांची पट्टी सरकत होती. रुळांचं काम, शिवाय सिग्नलचा बिघाड. त्यानंतरची गाडी सुमारे ५० मिनिटं उशिरा. त्यातला 'सुमारे' इथे राहणाऱ्या कोणालाही ओळखता येतो.

मी आईला म्हटलं, "आज राहू दे. पुढच्या शनिवारी जाऊ."

आईने डब्याची पिशवी खांद्यावर सरकवली. "गाडी रद्द झालीय ना? गाव तर तिथंच आहे."

मला इथल्या हवेचा गुण लागलाय. गाडीला दहा मिनिटं उशीर झाला की फलाटावरची अनोळखी माणसं एकमेकांकडे बघून मान हलवतात, कोणीतरी मोठ्याने सुस्कारा सोडतो. आता मीही त्यांच्यात असते. आईचं तसं नाही. आजोबा रेल्वेत फिटर, त्यामुळे तिचं लहानपण कर्जतच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. गाडी येते तेव्हा येते, आली की चढायचं. तिला राग येतो तो गाडी वेळेवर येऊन जागा मिळाली नाही तर.

मग एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, प्लोखिंगेनपर्यंत गेलो. तिथे सगळा गोंधळ एकत्र झाला होता. सायकलवाले, कुत्रेवाले, टेकड्यांवर चढायला निघालेली म्हातारी जोडपी. त्यात वेगवान गाड्यांचीही भर. २०२२च्या डिसेंबरात वेंडलिंगेन ते उल्म हा नवा मार्ग सुरू झाल्यापासून त्या गाड्या बोगद्यांतून सुसाट जातात, पण आज नवा मार्गही बंद, म्हणून त्यांनाही फिल्स नदीच्या खोऱ्यातल्या जुन्या मार्गावर आणलं होतं. म्हणजे एकाच वाटेवर जलद, मंद आणि मालगाड्या. आमची पॅसेंजर अर्थातच सगळ्यांच्या मागे.

ग्योपिंगेन आलं. इथे मेर्कलिनच्या खेळण्यातल्या आगगाड्या बनतात, कंपनी १८५९ची. आईला सांगितलं तर म्हणाली, "त्या तरी वेळेवर धावत असतील."

पुढे गाइसलिंगेनला गाडी थांबली आणि थांबूनच राहिली. मागून येणाऱ्या जलद गाडीला आधी सोडायचं होतं. डब्यात कुरबुर सुरू झाली, समोरच्या बाईने फोनवर कोणालातरी जेवणाला वाट बघू नका म्हणून सांगितलं. आई मात्र खिडकीशी सरसावून बसली. "बँकर लावतायत का?"

बँकर म्हणजे घाट चढताना गाडीला मागून ढकलणारं जादा इंजिन. मला हसू आलं. आमच्या गाडीला कसला बँकर! पण पलीकडच्या रुळावर एक लांबलचक मालगाडी उभी होती आणि तिच्या शेपटाला खरंच एक इंजिन लागत होतं. गाइसलिंगेनच्या पुढे चढ आहे, गाइसलिंगर श्टायगं. सुमारे साडेपाच किलोमीटरमध्ये गाडी ११२ मीटर वर चढते, दर हजार मीटरला साडेबावीस मीटर. जड मालगाड्यांना आजही मागून ढकलावं लागतं, त्यासाठी इंजिन इथे तयार ठेवलेलं असतं. आमच्या बोरघाटाचा चढ याहून खडा, सदतीस मीटरला एक मीटर. पण वयाने हा मोठा. श्टुटगार्ट ते उल्म मार्ग १८५० साली पूर्ण झाला. तेव्हा बोरीबंदर-ठाणे गाडीला तीन वर्षं अवकाश होता आणि बोरघाटातून गाडी जायला तेरा.

मी हे सगळं फोनवर वाचून दाखवत होते. आईचं लक्ष नव्हतं. ती त्या मागच्या इंजिनाकडे बघत होती. "मागचा ड्रायव्हर आणि पुढचा ड्रायव्हर, दोघांचं जमावं लागतं," ती म्हणाली. "नाहीतर मधले डबे उचलले जातात. बाबा सांगायचे." आजोबांचं असं काही मी पहिल्यांदाच ऐकत होते. मग तिने डबा उघडला, मेथीचे ठेपले निघाले. कर्जतला थांबलेल्या गाडीत वडा खायचा असतो, इथे ठेपल्यांवर भागवलं. फोनवर बोलणाऱ्या बाईलाही एक दिला. तिने तो चारी बाजूंनी बघून खाल्ला आणि दुसरा मागितला.

गाडी हलली तेव्हा अर्धा डबा उभा राहून खिडकीबाहेर बघत होता, कारण आई बघत होती. एका बाजूला डोंगराची भिंत, दुसऱ्या बाजूला खाली सरकत जाणारं गाव. माथ्यावर पोचल्यावर पठार लागतं आणि सगळं एकदम सपाट, पिवळ्या मोहरीसारख्या फुलांची शेतं. इथून पुढचं पाणी डॅन्यूबकडे जातं. आईला हे पटकन कळलं. खंडाळ्याच्या पुढे पाणी पूर्वेला जातं, तसंच.

उल्मला पोचलो तेव्हा बाजार उठायच्या बेतात होता. मिन्स्टर या इथल्या मोठ्या चर्चसमोरच्या चौकात बुधवारी आणि शनिवारी आठवडी बाजार भरतो. पांढऱ्या शतावरीच्या जुड्या उरल्या होत्या, त्यांचा भाव बघून आई दोन पावलं मागे सरकली. स्ट्रॉबेरी मात्र घेतल्या.

मिन्स्टरबद्दल काय लिहावं? वर बघून मान दुखते एवढं उंच. १६१.५३ मीटर. २०२५च्या ऑक्टोबरात बार्सिलोनाच्या सग्रादा फमिलियाने मागे टाकेपर्यंत जगातलं सगळ्यात उंच चर्च हेच होतं. गंमत म्हणजे हे कॅथीड्रल नाही, बिशपचं आसन इथे कधीच नव्हतं. गावकऱ्यांनी स्वतःच्या पैशाने बांधलेलं हे गावाचं चर्च. जुनं चर्च तटबंदीबाहेर होतं, गावाला वेढा पडला की तिकडे जाता येईना, म्हणून १३७७ साली आत पायाचा दगड बसवला. तेव्हा गावची वस्ती जेमतेम दहा हजार. सोळाव्या शतकात काम थांबलं ते एकोणिसाव्यात पुन्हा सुरू झालं आणि शिखर पुरं झालं १८९० मध्ये.

"पाचशे तेरा वर्षं," आईने हिशेब केला. "आणि तू सकाळी पन्नास मिनिटांसाठी घरी चालली होतीस."

वर जायला ७६८ पायऱ्या आहेत. आईचे गुडघे आणि माझी इच्छा या दोघांचं एकमत झालं, आम्ही खालीच थांबलो. आतली लाकडी आसनं मात्र निवांत बघितली. १४६९ ते १४७४ या काळात योर्ग स्युर्लिनने केलेली. त्यांवर संतांच्या आधी सिसेरो, पायथागोरस, टॉलेमी असे लोक बसवलेत, येशूच्या आधी जन्मलेलेसुद्धा. प्रत्येकाचा चेहरा असा की बाजारात भेटला तर ओळखू यावा. १७ डिसेंबर १९४४च्या बॉम्बहल्ल्यात जुन्या गावाचा बहुतेक भाग जळाला, हे चर्च वाचलं. आइनस्टाइन ज्या घरात १८७९ साली जन्मला ते घरही त्याच हल्ल्यात गेलं. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आता तिथे ग्रॅनाइटच्या दगडांचं स्मारक आहे.

दुपारचे तीन वाजत आले होते. परतीच्या गाड्यांचा भरवसा नाही, म्हणजे आता एकच गोष्ट होणार होती. डॅन्यूबकाठी कोळ्यांची वस्ती, झुकलेलं जुनं घर, नदीवरचा तट. सगळे फोटो तिथले असतात. किंवा कूबेर्गची टेकडी. उल्म मी निवडलं होतं ते टेकडीसाठीच, पण आईला न विचारता तिकडे न्यायचं जिवावर आलं होतं. तिथे बघायला काय, तर काँक्रीटच्या इमारती.

विचारलं. "तुझ्या शाळेचं काय ते तिथंच ना? मग चल."

माझी शाळा म्हणजे पवईच्या आयआयटीतलं आयडीसी, तिथला डिझाइनचा विभाग. तिथे पहिल्याच सत्रात उल्मचं नाव कानावर पडतं. हाइडेलबर्ग, म्युनिक ही नावं सहलीची, उल्म अभ्यासातलं. उल्ममध्ये १९५३ साली डिझाइनची शाळा सुरू झाली आणि १९५५ मध्ये या टेकडीवरच्या इमारतींत आली. इंगं शॉल, ओट्ल आयशर आणि माक्स बिल हे तिघे तिच्या मुळाशी. इंगंचे धाकटे भाऊ-बहीण हान्स आणि सोफी यांना १९४३ साली नाझींनी पत्रकं वाटल्याबद्दल ठार मारलं, दोघांची किशोरवयातली वर्षं याच गावात गेलेली. आणि शाळेच्या टेकडीवरच एक जुना किल्ला आहे, त्यात १९३३ ते १९३५ छळछावणी होती. जागा बघितल्याशिवाय हे नीट कळत नाही. पुस्तकात उल्म म्हणजे फक्त स्वच्छ रेषा आणि ग्रिड.

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून शिकून डिझायनर सुधाकर नाडकर्णी १९६०च्या दशकात इथे आले आणि परत जाऊन १९६९ मध्ये पवईला आयडीसी उभं करण्यात ते पुढे होते. तोवर ही शाळा बंदसुद्धा झाली होती, १९६८ मध्ये. आत भांडणं, बाहेरून राज्याने पैसे आखडले. उण्यापुऱ्या पंधरा वर्षांच्या शाळेने जगभरच्या अभ्यासक्रमांवर छाप सोडली, आणि माझ्या मते त्यातला काही भाग जरा जास्तच पोथीनिष्ठ होऊन आमच्यापर्यंत आला. सजावट म्हणजे पाप, असं एक सर खरंच बोलायचे. आई तेव्हा माझ्या खोलीत भरतकामाची चादर पाठवायची आणि मी ती कपाटात घडी घालून ठेवायचे.

दोन नंबरच्या ट्रामने वर गेलो, पुढे चालत. इमारती उतारावर पायऱ्यांसारख्या उतरत जातात, काँक्रीटला रंग नाही, खिडक्या मोठ्या. आतला उपाहारगृहाचा वळणदार कट्टा माहीत होता, तरी प्रत्यक्ष बघून हात फिरवावासा वाटला. एवढ्या सरळ रेषांत तो एकटाच वळतो.

मग उल्मचं स्टूल. १९५४ सालचं. तीन फळ्या आणि एक दांडा. पैसे नव्हते, खुर्च्या हव्या होत्या, म्हणून बिल आणि हान्स गुगेलोट यांनी ते केलं. बसा, आडवं करून उंची बदला, वर्गातून वर्गात पुस्तकं भरून न्या. आमच्या परीक्षेत यावर दहा गुणांचा प्रश्न असायचा.

आईने त्याच्याभोवती एक चक्कर मारली. "पाटाला पाय फुटलेत," म्हणाली. मग बसून बघितलं आणि लगेच उठली. "पण टेकायला काही नाही. पोरांना झोप येऊ नये म्हणून असेल." या टीकेला दहापैकी दहा.

परतीची गाडी वेळेवर सुटली, आणि मी मनात काही म्हणायच्या आतच घाट उतरून गाइसलिंगेनला थांबली. मग ग्योपिंगेनला. तिथे फलाटावर उतरून पुढच्या गाडीची वाट बघा म्हणाले. दीड तास. स्ट्रॉबेरी संपल्या. घरी पोचायला साडेदहा झाले, खिचडी टाकली.

आईचंही महिन्याचं डॉइचलांड-तिकीट काढलंय, ६३ युरोचं. या तिकिटावर साठ मिनिटं किंवा जास्त उशीर झाला तर दर खेपेला दीड युरो भरपाई मिळते, पण एकूण रक्कम चार युरोंच्या खाली असेल तर काहीच देत नाहीत. जेवताना मी तिला हे सांगितलं. जातानाचा दीड, येतानाचा दीड, म्हणजे तिचे तीन झाले.

आई ताट घेऊन उठता उठता म्हणाली, "मग महिना संपायच्या आत अजून एकदा कुठंतरी जाऊया. लांबचं बघ."