पाय हलला तो व्हिडिओ

बाप मोबाइल पुढे करून उभा. "मॅडम, आधी हे बघा, मग तपासा."

अकरा सेकंदांचा व्हिडिओ. खाटेवर पोरगा उताणा झोपलेला. डावा गुडघा एकदम वर उचलला जातो, थरथरतो, खाली पडतो. मागून आईचा आवाज, "हलला, हलला!"

मणक्याला मार लागलेल्यांच्या वॉर्डात फिजिओथेरपिस्ट म्हणून मला सोळा वर्षं झाली. व्हिडिओ संपायच्या आतच कळलं, आता काय बोलावं लागणार ते.

पोरगा २२ वर्षांचा, रत्नागिरीकडचा. आंबे उतरवताना फांदी मोडली आणि झेल्यासकट खाली आला. डी-टेनला, म्हणजे पाठीच्या दहाव्या मणक्याला मार, बेंबीखाली ना जाण ना हालचाल. आमच्याकडे याला ग्रेड ए म्हणतात, सगळ्यात वाईट. तीन महिने वॉर्डात राहून व्हीलचेअरवर बसायला, स्वतः नळी घालून लघवी काढायला शिकून तो घरी गेला होता. पडल्याला चौदा महिने झाले आणि जुलै २०२५ मध्ये ही मंडळी परत आली, ती परगावच्या एका सेंटरमध्ये ‘स्टेम सेल’ची, म्हणजे मूलपेशींची तीन इंजेक्शनं घेऊन. बाग गहाण. वर माकडहाडावर रुपयाएवढा बेडसोअर. प्रवासात आणि तिथल्या खाटेवर कूस बदलायचं राहून गेलं.

मी सेफ्टी पिन काढली. त्याला डोळे मिटायला सांगितले.

"टोचतंय की नुसतं लागतंय?"

"टोचतंय. टोचतंय... टोचतंय..." बेंबीपाशी तो गप्प झाला. पिन मांडीवर, गुडघ्यावर, अंगठ्यावर. बाप पिनेकडे बघतच नव्हता, पोराच्या ओठांकडे बघत होता. गुदद्वाराची तपासणी पडदा ओढून डॉक्टरांनी केली. तिथे जराशीही जाण असती तर ग्रेड बदलला असता. नव्हती.

मग मी सांगितलं. मेंदूकडून येणारी वाट डी-टेनला तुटली, पण त्याच्या खालचा मज्जारज्जू मेलेला नाही. मेंदूचा लगाम सुटल्यामुळे तो आपला आपणच पाय उडवतो. याला स्पॅझम म्हणतात. आणि पोराच्याच कमरेतून मज्जा काढून त्यातल्या पेशी पाठीच्या पाण्यात सोडल्या होत्या. त्या काही चेतापेशी बनवणाऱ्या मूलपेशी नव्हेत.

"मग जपानचा माणूस उभा राहिला तो?" बातमी बापाच्या मोबाइलमध्ये होतीच.

खोटी म्हणता येईना, कारण खोटी नाही. मार्च २०२५ मध्ये टोकियोच्या केओ विद्यापीठाने जाहीर केलं. ओकानो आणि नाकामुरा यांच्या गटाने चार जणांच्या मज्जारज्जूत, थेट मार लागलेल्या जागी, सुमारे २० लाख पेशी सोडल्या. यामानाका या जपानी शास्त्रज्ञाच्या पद्धतीने साध्या पेशी मागे, गर्भातल्यासारख्या अवस्थेत नेऊन, मग चेतापेशींच्या वाटेवर आणलेल्या. दोघांत सुधारणा झाली. एक जण आधाराशिवाय उभा राहिला. चौघांपैकी कुणाला गंभीर अपाय झाला नाही. पण माणसं चारच आणि तुलनेला दुसरा गट नाही. पहिल्या काही महिन्यांत आपोआप सुधारणारेही मी वॉर्डात पाहिलेत.

"त्यांना पेशी कधी दिल्या?"

हा प्रश्न येऊ नये असं वाटत होतं. "मार लागल्यापासून चौदा ते अठ्ठावीस दिवसांत."

त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली. अठ्ठाविसाव्या दिवशी पोरगा आमच्याच वॉर्डात होता. "तेव्हा का नाही सांगितलंत?" तो प्रयोग तिथल्या चार जणांपुरता होता, आपल्याला दार उघडं नव्हतं, हे मी सांगितलं. बरोबरच होतं, पण ऐकायला फार कोरडं वाटलं.

नंतर व्रण धरतो, पेशींना वाट मिळत नाही. जुन्या दुखापतीत काम अवघड आहे. कॅलिफोर्नियात सॅन दिएगोला जुनी दुखापत असलेल्या चौघांना गर्भातल्या चेता-मूलपेशी दिल्या होत्या, २०१८ मध्ये ते छापून आलं. पेशी झेपल्या, काहींना थोडा फरक पडला, चालू कुणी लागलं नाही.

"पण घेऊन बघायला काय जातं?" हे आईचं. पोर्तुगालमध्ये नाकाच्या अस्तरातल्या पेशी मज्जारज्जूत घालून घेतलेल्या एका बाईला आठ वर्षांनी पाठदुखी सुरू झाली. उघडून पाहिलं तर तिथे शेंबूड तयार करणारी गाठ. हे मी आईला सांगितलं नाही. बाग तर गेलेलीच होती. एवढंच सांगितलं की आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे रक्ताच्या आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सगळे स्टेम सेल अजून प्रयोगात मोडतात, आणि प्रयोगाचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत. बापाने खाली बघितलं. पावती त्याच्या खिशात होती, ‘उपचार’ लिहिलेली.

तेवढ्यात पोरगा बोलला, एवढ्या वेळात पहिल्यांदाच. "मॅडम, व्हिडिओ रात्री दहाचा आहे. नळी दुपारी चारला घातली होती."

"मग?"

"लघवी तुंबली की उडतो. रोज बघतोय. आईला सांगावंसं नाही वाटलं."

मी डॉक्टरांना हाक मारली. फुगलेल्या मूत्राशयाने स्पॅझम वाढतो, हे आम्ही शिकवतोच. ते त्याने न विचारता हेरलं होतं. त्याच्या वहीत लघवीच्या वेळांशेजारी नवा रकाना आखला, ‘पाय कधी उडाला’. दुपारची वेळ चारवरून तीन आणि पुढची आठ केली. आई मोबाइलवर गजर लावायला बसली.