अँड्र्यूजनं सोडलेला बॉल आणि आमचं उतू गेलेलं दूध

सांगलीत फुटबॉल म्हणलं की लोकांना कोल्हापूर आठवतं, तिथल्या तालमींच्या टीमा, शाहू स्टेडियम, पायानं खेळायचा बॉल. मी बघतो तो अमेरिकेतला, हातानं खेळायचा, त्यामुळं घरात माझी केस आधीच जरा वाईट आहे. नाद लावला दाजींनी. ताई-दाजी बाल्टिमोरजवळ असतात, 2019 च्या दिवाळीत इकडं आले तेव्हा रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉपवर लमार जॅक्सन, तिथल्या रेव्हन्स टीमचा बॉल फेकणारा मुख्य गडी, दाखवला आणि मी कामातून गेलो. तेव्हापासून रेव्हन्स म्हणजे आपली टीम.

तर 20 जानेवारी 2025, सोमवार, पहाटे पाच. तिकडं रविवार संध्याकाळ. बफेलोत बर्फ पडतोय, प्लेऑफची मॅच, हरला तो घरी. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून मोबाईल बघतोय कारण हॉलमध्ये आई झोपलेली. आठ वाजत आले तेव्हा 27-19 नं मागं होतो, दीड मिनिट उरलेलं, आणि लमारनं आपल्याच लाइकलीला टचडाऊन टाकला, म्हणजे शेवटच्या रेषेपलीकडं बॉल धरला की सहा पॉइंट, 27-25. आता टचडाऊननंतर एक तर किक मारून एक पॉइंट घ्यायचा नाहीतर दोन यार्डांवरून परत एक डाव खेळून दोन घ्यायचे, आणि आपल्याला दोनच पाहिजे होते. बायको म्हणाली दुधाकडं बघ, मी पोरीची वेणी घालते. मी हो म्हणलं. लमारनं उजवीकडं बॉल टाकला, आपलाच मार्क अँड्र्यूज मोकळा, एकदम मोकळा, बॉल दोन्ही हातात आला आणि निसटला. मी ओरडलो. आई उठली. गॅसवर फस्स झालं आणि दूध शेगडीवरून ओट्यावर, ओट्यावरून माझ्या पायावर. बायको दारात येऊन बघून एवढंच म्हणाली, "तो तिकडं बॉल सोडतोय, तू इकडं दूध. चांगली जोडी आहे."

दहा मिनिटांत दाजींचा फोन. "अरे काढून टाकायला पाहिजे त्याला, आधी फंबल केला, मग हे." फंबलचं खरंय, चौथ्या क्वार्टरमध्येच कॅच घेऊन पळताना बॉल त्याच्या हातातनं उडवला आणि बफेलोनं उचलला. मी म्हणलं दाजी, पण बॉल आपण तीनदा घालवला, त्यातले दोन लमारचे, त्याला कोण काही बोलत नाही. आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये 21-19 झालं तेव्हा पण दोन पॉइंटला गेलो आणि फसलो, तिथं गुपचूप किक मारली असती तर शेवटी एका किकवर 27-27 झालं असतं, अँड्र्यूजवर वेळच आली नसती. दाजी म्हणाले, "जर-तरला काय अर्थ नाही, हातात आलेला बॉल धरायचा असतो." यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं म्हणून मी दूध पुसायला लागलो.

अँड्र्यूज खेळतो ती जागा टाईट एंड, ती म्हणजे काय हे इथं कुणाला सांगायचं तर मी विकेटकीपर सांगतो. लाइनच्या टोकाला उभा राहायचं, कधी समोरच्या धिप्पाड गड्याला अंगावर घेऊन अडवायचं आणि कधी त्याच्यातनंच सटकून पुढं जाऊन कॅच घ्यायचा. दोन्ही कामं एका माणसाची, शिव्या पण दोन्हीच्या. अँड्र्यूज अडवण्यात काही फार भारी नाही हे मी मान्य करतो, त्याची किंमत कॅचचीच. 2018 ला ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीमा कॉलेजातली पोरं पाळीपाळीनं निवडतात तिथं, तिसऱ्या राऊंडमध्ये घेतला, त्याच वर्षी पहिल्या राऊंडमध्ये हेडन हर्स्ट नावाचा टाईट एंडच घेतला होता, तो कुठल्या कुठं गेला. 2021 मध्ये ह्यानं 107 कॅच, 1361 यार्ड केले. 2024 ला सुरवातीला तर दोन मॅच एक पण कॅच नाही, लोक म्हणाले संपला, आणि सीझन संपला तेव्हा 11 टचडाऊन, त्यातच टीमचा जुना टाईट एंड टॉड हीप, त्याचा सगळी वर्षं मिळून 41 टचडाऊन कॅचचा टीमचा रेकॉर्ड मोडला. आणि नऊ वर्षांचा असल्यापासून टाईप 1 डायबेटिस आहे हे वेगळंच, आमच्याकडं तेवढ्यावर पीटीच्या तासाला सुट्टी मिळते.

ड्रॉप, म्हणजे हातात आलेला बॉल सोडणं, तो मोजणं हा पण एक घोळच आहे. कॅच, यार्ड हे लीगच्या हिशोबात असतात, ड्रॉप मात्र मोजणाऱ्याच्या नजरेवर, बोटाला लागलेला एक जण ड्रॉप धरतो, दुसरा म्हणतो थ्रोच वाईट होता, म्हणून एकाच माणसाचे दोन ठिकाणी दोन आकडे. पण तो बॉल मात्र कुणीही मोजला तरी ड्रॉपच. ते मी पण म्हणतो.

संध्याकाळी विश्रामबागला चहाच्या गाड्यावर विषय काढला. एक मित्र मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे, त्यानं फुटबॉल जन्मात बघितलेला नाही. सगळं ऐकून म्हणाला, "हमाल वर्षभर हजारो पोती उतरवतो, एक हातातनं सुटलं तर कोण त्याला काढत नाही." मी खूश झालो, म्हणलं हेच तर मी दाजींना सांगतोय. तर चहाचा घोट घेऊन म्हणाला, "पण आधी सांग, कुठलं सुटलं? रिकामं बारदान का शेलम हळद?" मी गप्प.

मी स्वतः टेनिस बॉलवर कीपिंग केलंय, फायनलला शेवटच्या ओव्हरीत सरळ ग्लोव्हजमध्ये आलेला कॅच सोडलाय. त्या टूर्नामेंटमध्ये आधी मी किती स्टंपिंग केले हे आज फक्त मला माहित्येय, कॅच सोडल्याचं मात्र अख्ख्या गल्लीला. त्यामुळं माझं मत निष्पक्ष नाही, हे आधीच कबूल करतो. पण एक सांगतो, तसला बॉल तिसऱ्या पोराकडं कुणी टाकतच नाही, ज्याच्यावर भरवसा असतो त्याच्याकडंच टाकतात, म्हणून सोडला तर नाव पण त्याचंच येतं. दाजींना हे पटत नाही. ते म्हणतात, "म्हणून तर जास्त राग येतो."

टीमनं काही त्याला काढला नाही. मग 2025 च्या नोव्हेंबरात क्लीव्हलँडशी मॅच, आमच्याकडं मध्यरात्र उलटून गेलेली म्हणून झोपलो होतो, सकाळी उठून बघितलं. चार डावांत दहा यार्ड पुढं जायचं असतं, त्यातला हा चौथा डाव, एक यार्ड पाहिजे, सगळे ढकलाढकलीला तयार, आणि सेंटरनं, म्हणजे डाव सुरू करताना बॉल मागं देणाऱ्यानं, बॉल दिला तो लमारला नाही, थेट अँड्र्यूजच्या हातात, हा बाजूनं सुटला तो 35 यार्ड पळत टचडाऊन! 23-16 नं जिंकलो. मी बायकोला बोलवून दोनदा दाखवलं, तिनं गॅस बंद करूनच बघितलं. लगेच दाजींना फोन लावला, तिकडं रात्र होती तरी. म्हणलं बघितलंत?

"बघितलं की," दाजी म्हणाले. "पण हातात दिला होता रे, टाकला कुठं होता?"