आठवड्याची एक गोळी

आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दूधवाल्याचे खाडे निळ्या पेनने आणि आमच्या लेकीचे, चिऊचे, रक्ताच्या तपासणीतले काउंट लाल पेनने लिहिलेले असतात. गेल्या वर्षीचं जुलैचं पान मी फाडून जपून ठेवलंय. त्यात ११ तारखेच्या चौकटीत ‘४०’ लिहिलंय. त्याखाली हिने पेन इतकं दाबून रेघ ओढली होती की ऑगस्टच्या पानावरही वळ उठला.

चिऊला पाचव्या वर्षी ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर झाला, एएलएल प्रकारचा. पहिले आठ-नऊ महिने कसे गेले ते लिहीत बसत नाही. मेंटेनन्स, म्हणजे उपचाराचा शेवटचा लांब टप्पा, सुरू झाला तेव्हा वाटलं, सुटलो. घरच्या घरी रोज सिक्स-एमपी या केमोच्या औषधाची पन्नास मिलिग्रॅमची एक गोळी, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्झेट हे दुसरं औषध, महिन्यातून एकदा पुण्याला चक्कर. डोक्यावर पेरभर केस आले होते. आईने बाजारातून क्लिपासुद्धा आणून ठेवल्या होत्या.

तिसऱ्या आठवड्यात केस परत गेले. सकाळी उशीवर मांजर लोळून गेल्यासारखे दिसायचे. मेंटेनन्समध्ये केस जात नाहीत, असं वॉर्डातल्या सगळ्या आयांनी सांगितलं होतं, म्हणून मी फोन करून विचारलं. ‘होतं कधीकधी,’ असं उत्तर मिळालं. मग तोंड आलं, मग ताप. रात्री अडीचला मेहुण्याच्या वॅगनआरमधून कराड सोडलं. एएनसी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा, ५०० ते १५०० च्या मध्ये ठेवायचा असतो. तिचा ४० होता. प्लेटलेट अकरा हजार.

सिक्स-एमपीची गोळी बंद केली. अकरा दिवस ॲडमिट. रक्त, प्लेटलेट, अँटिबायोटिक. याआधीही ही गोळी काही आठवडे चालली होती, पण तेव्हा सोबतच्या इंजेक्शनांनी काउंट पडणारच होते. संशय घ्यायचं कुणाला सुचलं नाही.

एक जनुकीय तपासणी पाठवली. टीपीएमटी. रिपोर्ट आला: नॉर्मल. सगळ्यांना हायसं वाटलं, काउंट वर आल्यावर गोळी अर्धी करून परत सुरू केली, आणि दोन आठवड्यांत पुन्हा तेच. दुसऱ्या वेळी ड्यूटीवर नवीन मॅडम होत्या. त्यांनी फाइल उघडण्याआधी चिऊच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, ‘हे केस गोळीनंतर गेले का?’ मग दुसरी तपासणी लिहून दिली. एनयूडीटी-१५.

हे नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. पतसंस्थेत वसुलीचं काम करणारा माणूस मी, पण त्या महिन्यात मी कर्जाच्या फायलींपेक्षा या जनुकाबद्दल जास्त वाचलं.

सिक्स-एमपी हे औषध गरट्रूड एलियन या बाईंनी जॉर्ज हिचिंग्ज यांच्यासोबत शोधलं. पीएचडी नसलेल्या बाई. पंधरा वर्षांच्या असताना आजोबा पोटाच्या कॅन्सरने गेले, तेव्हा त्यांनी रसायनशास्त्राकडे जायचं ठरवलं. औषधाला अमेरिकेत १९५३ मध्ये मान्यता मिळाली, दोघांना नोबेल १९८८ मध्ये. सत्तर वर्षांपूर्वीची गोळी आज माझ्या पोरीच्या डब्यात आहे, याचं मला अजून नवल वाटतं.

गोळी जशीच्या तशी काम करत नाही. शरीर तिच्यापासून एक खोटं अक्षर बनवतं. ते पेशीच्या डीएनएतल्या चार अक्षरांपैकी ‘जी’च्या जागी जाऊन बसतं आणि पेशी मरते. जास्तीचं निकामी करायला शरीरात एन्झाइमं असतात. टीपीएमटी त्यातलं एक. युरोपीय वंशाच्या साधारण तीनशे माणसांत एकाला ते जवळजवळ नसतंच, म्हणून तिकडे त्याची तपासणी रुळली. पण कोरियातल्या रुग्णांत ते ठीक असूनही काउंट कोसळत होते. २०१४ मध्ये तिथल्या संशोधकांना कारण सापडलं: जास्तीचं निकामी करणाऱ्या दुसऱ्या एन्झाइमच्या जनुकातला, म्हणजे एनयूडीटी-१५ मधला, एका अक्षराचा बदल. तेही कॅन्सरच्या नव्हे, आतड्याच्या आजाराच्या रुग्णांत, कारण याच घराण्यातलं औषध त्यांनाही देतात. पुढच्या वर्षी अमेरिकेत मेंफिसच्या सेंट ज्यूडमधल्या जुन यांग यांच्या गटाने ल्युकेमियाच्या मुलांत तेच दाखवलं. हा बदल युरोपात क्वचित, आशियात बऱ्यापैकी. आमच्या हातात पहिल्यांदा आलेला ‘नॉर्मल’ रिपोर्ट खोटा नव्हता. प्रश्न दुसऱ्यांच्या रक्तावरून ठरलेला होता.

चिऊच्या या जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या निघाल्या. मॅडमनी रिपोर्टच्या मागे मोरी काढून दाखवली: नळ सगळ्यांसारखाच चालू, तिची मोरी तुंबलेली.

मग घरात जे व्हायचं ते झालं. ‘हे आलं कुणाकडून?’ आईने विचारलं, आणि विचारताना तिने कुणाकडे पाहिलं ते मी पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा अशा प्रश्नाला माझ्याकडे छापील उत्तर होतं. एक प्रत माझी, एक हिची. मॅडमनी ‘नात्यात लग्न का?’ असंही विचारलं होतं. नाही. मी कराडचा, ही चिपळूणची. बदल इतका दुर्मीळ नाहीच की त्यासाठी नातं लागावं. आणि यामुळे ल्युकेमिया झाला असंही नाही. तो बिघाड आजारी पेशींचा, वेगळा. हे मी आईला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा तिने चहा ठेवला.

नवीन डोस: सोमवारी अर्धी, गुरुवारी अर्धी. म्हणजे आठवड्याला एक गोळी. दहाची स्ट्रिप, जी आधी दीड आठवडाही पुरत नव्हती, ती आता दहा आठवडे पुरते.

मला झोप लागेना. वॉर्डात शेजारच्या पलंगावरच्या मुलाचा डोस वाढवून दीड गोळी केली होती, कारण त्याचे काउंट पडतच नव्हते. (नंतर कळलं, तो गोळ्या फ्रिजमागे टाकत होता. अमेरिकेत स्मिता भाटिया यांनी मुलांच्या गोळ्यांच्या बाटल्यांना चिप असलेली झाकणं लावून मोजलं होतं. शंभरात पाचहून जास्त गोळ्या चुकल्या तर आजार उलटण्याचा धोका बराच वाढतो.) त्याला दीड आणि आपल्या पोरीला सातवा हिस्सा? मी मॅडमना फोन करून सरळच विचारलं, ‘कमी औषधाने आजार परत आला तर?’ त्या म्हणाल्या, ‘कमी कुठे? तिच्या पेशींत इतरांएवढंच पोचतंय. गोळ्या मोजू नका, काउंट मोजा.’

ऑक्टोबरपासून लाल आकडे ८००, ११००, ९५० असे चाललेत. धाकट्याची आणि आम्हा दोघांचीही तपासणी झाली. धाकट्याकडे एक बदललेली प्रत आहे. सांधे, आतडी, किडनी बदलणं, कशासाठीही कुणी अझाथायोप्रिन, म्हणजे याच घराण्यातलं औषध, लिहिलं तर आधी हा कागद दाखवायचा, म्हणून त्याची लॅमिनेट केलेली झेरॉक्स माझ्या पाकिटात आधारकार्डामागे असते.

काल सोमवार होता. हातमोजा घालून हिने कटरमध्ये गोळी कापली, अर्धी चिऊला दिली. उरलेली अर्धी छोट्या डबीत ठेवली आणि झाकणावर चिकटपट्टी लावून लिहिलं, ‘गुरु’. चिऊ आता वाचायला लागलीय. म्हणाली, ‘गुरू म्हणजे सर ना? सरांची गोळी का आपल्याकडे?’